'पीएच स्टॅबिलिटी'ला 'सामू-स्थिरता' म्हणावं का?

प्रश्न: फॅटी ॲसिड व्हेसिकल्सवर, म्हणजे फॅटी ॲसिडच्या रेणूंचा पडदा असलेल्या पाण्यातल्या सूक्ष्म पिशव्यांवर, मराठीत लेख लिहितोय. मेदाम्ल आणि पुटिका हे शब्द घेतलेत, पीएचला शेतीच्या पुस्तकांतला रुळलेला 'सामू' घेतलाय. पण मुख्य मुद्दाच असा की ॲडिटिव्ह घातलं की या पुटिकांची पीएच स्टॅबिलिटी बदलते, तर तिथे 'सामू-स्थिरता' आणि ॲडिटिव्हला 'पूरक' चालेल का?

उत्तर १: सामू छानच, पण 'सामू-स्थिरता' नको. वाचणाऱ्याला वाटेल सामू स्थिर राहतो, ते तर बफरचं (सामू बदलू न देणाऱ्या द्रावणाचं) काम झालं. इथे सामू बदलत जातो आणि त्यात पुटिका टिकते का ते बघायचंय. ओलेइक आम्लाच्या पुटिका साधारण 8.5 सामूच्या आसपास बनतात, कारण पडद्यात अंदाजे निम्म्या रेणूंनी प्रोटॉन धरलेला आणि निम्म्यांनी सोडलेला लागतो, मग त्यांच्यात हायड्रोजन बंध होऊन पडदा जमतो. सामू बराच वाढला की जवळपास सगळेच प्रोटॉन सोडतात, ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि मायसेल (आत पोकळी नसलेले रेणूंचे छोटे गोळे) होतात, खाली गेला की तेलाचे थेंब सुटतात. म्हणजे सगळी गोष्ट रेंजची आहे, म्हणून मी 'सामू-पल्ला' म्हणेन. 'डेकॅनॉल (एक अल्कोहोल) घातल्यावर डेकॅनोइक आम्लाच्या (हेही एक मेदाम्ल) पुटिकांचा सामू-पल्ला वाढतो', कसं सरळ वाचता येतं बघा.

उत्तर २: पल्ला एकदम पटला, फक्त कुठल्या बाजूला वाढला ते प्रत्येक वेळी लिहा हो, खरी मजा तिथेच आहे. डेकॅनॉलचा हायड्रॉक्सिल गट त्या सामूला प्रोटॉन सोडत नाही, त्यामुळे आम्लाचे बहुतेक रेणू भारित झाले तरी त्यांना हायड्रोजन बंध द्यायला कोणीतरी उरतं आणि पल्ला अल्कलीकडे वाढतो. सोडियम डोडेसिल बेंझीन सल्फोनेटचं (डिटर्जंटमधला एक रेणू) बरोबर उलटं, त्याचा सल्फोनेट गट आम्लातही भारित राहतो म्हणून पल्ला आम्लाकडे वाढतो, डेकॅनोइक आम्लाच्या पुटिका पार 4.3 सामूपर्यंत टिकतात.

'पूरक'बद्दल म्हणाल तर मला तो फारच आवडला. पडद्यात जो जोडीदार कमी पडतो त्याचीच जागा हा रेणू भरून काढतो, 'योजक' किंवा 'मिश्रक'मध्ये हा अर्थ येत नाही.

उत्तर ३: पूरक ठेवा, पण पडद्यात बसणाऱ्यालाच म्हणा. सायट्रेट पाण्यातच राहून मॅग्नेशियम धरून ठेवतं म्हणून पुटिका वाचतात, त्याला मी 'संरक्षक' म्हणेन. ग्लिसरॉल मोनोडेकॅनोएट मात्र पडद्यात बसतं, अल्कलीकडचा पल्लाही वाढवतं आणि मॅग्नेशियमही सोसायला लावतं, तर ही दुसरी गोष्ट सामू-पल्ल्यात कोंबू नका, 'आयन-सहनशीलता' असं वेगळं लिहा. जीवसृष्टीच्या उगमाबद्दल लिहिणार असाल तर हा फरक हवाच, कारण बऱ्याच रायबोझाइमना (विकरासारखं काम करणाऱ्या आरएनए रेणूंना) मॅग्नेशियम लागतं आणि साध्या मेदाम्लाच्या पुटिका त्यानेच मोडतात.

आणि 1973 साली गेबिकी आणि हिक्स यांनी असंतृप्त मेदाम्लांच्या पुटिकांना 'युफासोम' नाव दिलं होतं, ते विशेषनाम असल्यासारखं तसंच ठेवा, भाषांतर नको.

प्रश्नकर्ता: सामू-पल्ला आणि पूरक पक्कं. सायट्रेटचा परिच्छेद पूरकांतून काढून वेगळा करतो.