‘मिस्टर राँग नंबर’ आवडली नाही म्हणजे विनोद कळत नाही?

घोडबंदरवाली

आपल्या वाचनगटावर परवा लिन पेंटरच्या ‘मिस्टर राँग नंबर’वर (२०२२) एक पोस्ट आली. पोस्टचा सूर असा, की ज्यांना ही कादंबरी खुपली त्यांना विनोद कळत नाही, आणि अनोळखी मेसेज दिसला की छळ छळ म्हणून ओरडणाऱ्या बायकांनी रोमँटिक कॉमेडीच्या वाटेला जाऊ नये. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना म्हणून हा वेगळा धागा.

मला विनोद कळतो. नायिका ऑलिव्हियाचे संवाद वाचताना ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात मी मोठ्याने हसले आहे. माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे. एक, ज्या मेसेजने सगळं सुरू होतं तो. अनोळखी नंबरवरून थेट ‘तू काय घातलंयस?’ अमेरिकेतल्या ओमाहात राहणाऱ्या त्या मुलीला यावर टोला हाणावासा वाटतो, आणि तिथून दोघांचं निनावी मेसेजिंग सुरू होतं. इथे हा मेसेज कितीजणींना आलाय आणि तेव्हा पोटात कसा गोळा आला, हे जरा घरातल्या बायकांना विचारून बघा.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. ऑलिव्हिया भावाकडे राहायला येते, तिथे भावाचा मित्र कॉलिनही राहत असतो. आपण जिच्याशी मेसेजवर रात्र रात्र बोलतो ती ‘मिस मिसडायल’ या टोपणनावाची मुलगी म्हणजे हीच, हे कॉलिनला आधी कळतं. तिला कळत नाही. ती त्या अनोळख्याला जे सांगत होती ते तिने कॉलिनला कधीच सांगितलं नसतं. मग ज्या क्षणी त्याला कळलं त्या क्षणी त्याने ‘अगं, तो मी’ म्हणायला हवं होतं. तो विचार करत बसतो. एकाच घरात एकाच्या हातात सगळे पत्ते आणि दुसरीला डाव चालू आहे हेही माहीत नाही. याला मी प्रेम म्हणणार नाही.

पामबीच_रोड

ती पोस्ट माझी. नाव न घेता धागा काढलात, तरी सगळ्यांना कळलंच.

ताई, ही कादंबरी आहे, आचारसंहिता नव्हे. वाचकाला माहीत आणि पात्राला नाही, यावरच तर हा सगळा प्रकार उभा असतो. कॉलिनने चौथ्याच प्रकरणात ‘तो मी’ म्हटलं असतं तर पुढची पानं कशाची लिहायची? आणि लेखिकेने दोघांच्याही बाजूने आलटून पालटून सांगितलंय. त्यामुळे कॉलिनची घालमेल आपल्याला दिसते, तो मिशीला पीळ देत बसलेला नाही. पहिल्या मेसेजचं म्हणाल तर तो चुकीच्या नंबरवर गेलेला आहे, तिच्यावर रोखलेला नाही. तिला ब्लॉक करता येत होतं. तिने उत्तर दिलं, कारण तिला मजा आली. तिला बिचारी करून तुम्हीच तिचं डोकं काढून घेताय.

रंगायतनचा_प्रेक्षक

पामबीच यांना अनुमोदन. शिवाय हा प्रकार अमेरिकेतून आलाय असं समजून जे चाललंय ते पाहून गंमत वाटली. १८८२ पासून आपण ‘सौभद्र’ डोक्यावर घेतोय. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन येतो, त्याच्या सेवेला सुभद्रेलाच ठेवतात, तो कोण हे त्याला आणि कृष्णाला माहीत, तिला नाही. ती त्या यतीसमोर आपलं मन उघडं करते आणि तो ऐकून घेतो. गडकरी रंगायतनला मी हे आजी-आजोबांना नातवंडांसकट हसत बघताना पाहिलंय. तिथे कुणी उठून ‘ही फसवणूक आहे’ म्हणालं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांना चालतं आणि लिन पेंटरला नाही, हा कुठला न्याय?

घोडबंदरवाली

काका, ‘सौभद्र’ मलाही आवडतं, म्हणूनच सांगते, तुलना बसत नाही. सुभद्रेचं मन आधीपासून अर्जुनावर आहे. तिला अर्जुनच हवाय, बलराम तिला दुर्योधनाच्या गळ्यात बांधायला निघालाय, आणि ती सुटावी म्हणून तो वेष आहे. तिच्यापासून जे लपवलंय ते तिलाच हवं असलेलं आहे. ऑलिव्हियाला कॉलिन हवाय असं कुणी सांगितलं होतं? त्याच्या लेखी ती मित्राची डोकेदुखी बहीण होती.

आणि एक गोष्ट तुम्ही कुणीच बोलत नाही आहात. १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा सिनेमा घ्या, त्याच गोष्टीवरचा १९९८ चा ‘यूव्ह गॉट मेल’ घ्या. दोन्हींत पत्रातली अनोळखी व्यक्ती कोण हे आधी कळतं ते पुरुषाला. आपल्या मुंबईतला ‘द लंचबॉक्स’ (२०१३) सुद्धा तसाच, हॉटेलात तो तिला बघतो, ती त्याला ओळखत नाही. फरक इतकाच, की तिथला साजन फर्नांडिस त्या माहितीचा फायदा घेत नाही, उलट मागे सरतो. म्हणून तो सिनेमा मला आजही आवडतो. प्रत्येक वेळी बाईच का अंधारात? एकदा तिला आधी कळू दे, तिला ठरवू दे सांगायचं की नाही. मग मी पहिली तिकीट काढून जाईन.

पामबीच_रोड

तुमचा हा शेवटचा मुद्दा बरोबर आहे. तेवढाच.

कळवा_पूर्व

मी रोज नुसती वाचते, आज लिहिते. आमचं लग्न चुकीच्या मेसेजवरून झालंय. खरंच. तेव्हा साधे फोन, मेसेजचं पॅक मारायचं आणि दिवाळीला, एकतीस डिसेंबरला ते चालायचं नाही, एकेका मेसेजचे पैसे कापले जायचे. ह्यांनी मित्राला पाठवलेला ‘चावी शेजारी ठेवली’ मला आला. मी कळवलं, नंबर चुकला. त्यांनी आभार मानले आणि लगेच स्वतःचं नाव, कुठे काम करतो, मुलुंडला कुठे राहतो सगळं लिहिलं, ‘तुम्हाला भीती वाटू नये म्हणून’ असं. पुढे २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दिवसाला शंभर मेसेजची मर्यादा घातली तेव्हा आम्ही दोघं इतके वैतागलो होतो की तेव्हाच कळलं काय ते. पहिल्यांदा भेटलो तलावपाळीवर, मी मोठ्या बहिणीला घेऊन गेले होते. ती पूर्ण वेळ शेजारच्या बाकावर बसून भेळ खात आमच्याकडे बघत होती.

मला कादंबरी आवडली. रडलेसुद्धा. सगळ्यालाच छळ म्हणू नका.

घोडबंदरवाली

कळवा, तुमची गोष्ट कादंबरीपेक्षा चांगली आहे. पण बघा ना, तुमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी नाव सांगितलं. मी एवढंच मागतेय.

कळवा_पूर्व

हो, ते आहे. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मी बोलले असते बहुतेक. बोलण्याची पद्धत कळते हो माणसाची.

कोपरखैरणे_रात्रपाळी

कैच्याकै चर्चा चालू आहे. ही गोष्ट आपल्याकडे घडूच शकत नाही, हा मुख्य मुद्दा कुणी मांडलाच नाही. तिकडे साध्या मेसेजमध्ये नुसता नंबर दिसतो. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दिसतो, ट्रूकॉलर नाव दाखवतं, तेही कुणी ‘राजू प्लंबर ऐरोली’ म्हणून सेव्ह केलं असेल तर तसंच. दुसऱ्या प्रकरणात पुस्तक संपलं.

आपल्याकडचा खरा राँग नंबर वेगळा आहे. मी नवं सिम घेतलं, ते आधी कुणाचं तरी होतं. वसुलीवाले मला शिव्या घालतात, त्या माणसाच्या मुलाच्या शाळेचे मेसेज मला येतात, त्याच्या मावशी रोज सकाळी सुप्रभात पाठवतात. ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलंय की बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. ९० दिवसांत माणूस बँकेत, गॅसला, शाळेत सगळीकडे नंबर बदलून होतो का? यावर लिहा कादंबरी.

रंगायतनचा_प्रेक्षक

आमच्या वेळी लँडलाइनचं क्रॉस कनेक्शन लागायचं. दोन अनोळखी घरांची भांडणं फुकट ऐकायला मिळायची. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

माजिवडा_नाका

तक्रार केली नाही कारण त्या लोकांना तुम्ही ऐकताय हे माहीतच नव्हतं, काका. घोडबंदरवाली हेच सांगतेय.

रात्रपाळी, नंबर कुठून बाहेर जातो ते मी सांगते. मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर एक वही असते. सुतळीने बांधलेलं पेन, आणि रकाने: नाव, फ्लॅट, मोबाईल, आत जायची वेळ, सही. वही उघडीच असते. तुमच्या वर कुणी लिहिलंय ते तुम्ही वाचता, तुमच्या खाली लिहिणारा तुमचं वाचतो. मी एका मैत्रिणीच्या बाळाला बघायला गेले होते. त्याच रात्री मेसेज आला. नावाने. ‘आज निळा ड्रेस छान दिसत होता, आता काय घातलंय?’ जवळजवळ तोच मेसेज, ज्यावर ऑलिव्हियाला हसू येतं. मी रात्रभर दाराची कडी तपासत होते, नवरा गावाला होता. ब्लॉक केला, दुसऱ्या नंबरवरून आला. त्यानंतर मी त्या मैत्रिणीकडे गेलेली नाही. बाळ आता शाळेत जातं.

पामबीच, तुम्ही लिहिलंत ब्लॉक करता येत होतं. हो, करता येतं.

हौसिंगवाले_काका

झालेला प्रकार वाईट आहे. पण वहीला दोष देऊ नका. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. फ्लॅटमध्ये चोरी झाली की पोलीस पहिली वही मागतात. नंबर नसेल तर आम्हाला झापतात, आणि सभासद तर त्याआधीच अंगावर येतात. वॉचमनला महिन्याला मिळतं काय आणि त्याच्याकडून अपेक्षा काय! पाहुण्यांना इतकी अडचण असेल तर खोटा नंबर लिहा, निम्मे तेच करतात.

माजिवडा_नाका

निम्मे खोटा लिहितात हे तुम्हीच सांगताय, मग ती वही पोलिसांच्या काय कामाची?

हौसिंगवाले_काका

तुम्ही कधी सोसायटी चालवलीये का? लिफ्ट बंद पडली की रात्री माझा फोन वाजतो. बोलणं सोपं असतं.

पामबीच_रोड

धागा कादंबरीवर होता. गेटची वही, सिमकार्ड, लिफ्ट, सगळं आलं. फक्त पुस्तक राहिलं.

घोडबंदरवाली

नाही, पुस्तकावरच आहे. एकाच वाक्यावर दोन बायकांची रात्र कशी गेली हे समोर आलंय. तुमच्या पोस्टने त्यातल्या एकीला सांगितलं की तिला विनोद कळत नाही.

नौपाडा_वकिली

कायद्यापुरतं बोलतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यातलं कलम ७८ पाठलागाचं आहे, पूर्वीच्या दंड संहितेतलं ३५४ ड, २०१३ मध्ये आलेलं. नकार स्पष्ट दिल्यावरही वारंवार संपर्क केला तर ते लागतं, एका मेसेजला सहसा नाही. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी कलम ७५ मध्ये येते, तिला वारंवारची अट नाही. माजिवडा यांना दुसऱ्या नंबरवरून पुन्हा मेसेज आला, म्हणजे प्रकरण गंभीरच होतं. घटना जुनी असेल तर जुनी कलमं लागतील. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे. स्क्रीनशॉट पुसू नका, ब्लॉक करण्याआधी काढून ठेवा.

वहीबद्दल मात्र वाईट बातमी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल माहितीपुरता आहे, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीपुरता. नुसत्या कागदी वहीला तो लागत नाही. म्हणजे गेटवरची सुतळी बांधलेली वही त्यातून सुटते. हे सोसायट्यांनी स्वतःहूनच सुधारायचं आहे.

कोपरखैरणे_रात्रपाळी

म्हणजे अ‍ॅपवाल्याला कायदा आणि वहीवाल्याला मोकळं रान. छान.

पामबीच_रोड

माजिवडा, तुमचं वाचून झाल्यावर बायकोला तुमचा प्रतिसाद दाखवला. तिला कॉलेजात असताना असा मेसेज आला होता, हे मला आज कळलं. पोस्टमधलं ते बायकांबद्दलचं वाक्य काढतोय. बाकी पोस्ट तशीच राहील. कादंबरीला माझे चार तारे कायम आहेत, आणि कॉलिन खलनायक आहे हे मला अजिबात मान्य नाही. माणूस घाबरतो, सांगायला वेळ लावतो. सगळेच कळवा ताईंच्या ह्यांच्यासारखे पहिल्या दिवशी पत्ता लिहून देत नाहीत.

घोडबंदरवाली

वाक्य काढलंत, बरं केलंत. कॉलिनवर आपलं जमणार नाही. घाबरणं मला समजतं, पण घाबरलेला माणूस गप्प बसून तिचं ऐकत राहतो तेव्हा त्याची भीती तिच्या खर्चाने चाललेली असते.

हौसिंगवाले_काका

वकीलसाहेब, सुट्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि वॉचमनने त्या लगेच पेटीत टाकल्या तर चालेल का? सर्वसाधारण सभेत विषय ठेवतो. सभासद हो म्हणतील असं वाटत नाही, आधीच सांगतो.

माजिवडा_नाका

काका, तुमच्या सभेत मला मत नाही. त्या वहीत नंबर लिहिणाऱ्या एकालाही नाही. घरकामाच्या बायका, पार्सलवाली पोरं, मी. सभासदांना विचाराल तर ते नाहीच म्हणतील, त्यांचा नंबर त्यात नसतो. तुम्ही सचिव आहात, चिठ्ठ्या उद्यापासून सुरू करा आणि सभेला नंतर सांगा.