शाळेची हद्द बदलली, तरी गर्दी कधी हटणार?

पटसंख्या:
शहरातल्या सरकारी शाळांच्या प्रवेशहद्दी (कोणत्या भागातली मुलं कोणत्या शाळेत जाणार, त्याच्या रेषा) नव्याने आखायच्या म्हटलं की सगळं भांडण रेषेवरून होतं. माझ्या मते आधी ठरवायला हवं ते हे की आत्ता शिकणाऱ्या मुलांचं काय करायचं. समजा, पहिली ते सहावीची शाळा आहे, क्षमता ६०० आणि पट ७२०. दर इयत्तेत २० मुलं असलेला भाग शेजारच्या शाळेला जोडला. आत्ताच्या सर्वांना जुन्याच शाळेत राहू दिलं, तर पहिल्या वर्षी फक्त पहिलीची २० मुलं कमी होतात आणि पट ६०० वर यायला सहा वर्षं जातात. त्यात धाकट्या भावंडांना सवलत दिली आणि २० पैकी आठ जणांचं मोठं भावंड शाळेत असलं, तर १२ च हलतात. तोवर ज्या अंदाजावर हद्द आखली तोच शिळा होतो. म्हणून जुन्या शाळेत राहायची सवलत फक्त पाचवी-सहावीला द्या, पहिली ते चौथीची ८० मुलं लगेच हलवा. पट ६४०, मग ६२०, तिसऱ्या वर्षी ६००.

काळा फळा:
अजिबात पटलं नाही. समोरच्या शाळेचा हिशेब कुठे आहे? एकदम ८० मुलं चार इयत्तांत गेली, म्हणजे दर इयत्तेत २०. तिथे प्रत्येक इयत्तेच्या २२-२२ च्या दोन तुकड्या असतील आणि तुकडीची मर्यादा २५ असेल, तर इयत्तेमागे जागा सहाच. म्हणजे चार नव्या तुकड्या, चार खोल्या, चार शिक्षक, तेही एकाच जूनमध्ये. कागदावरच्या 'रिकाम्या जागा' बऱ्याचदा चित्रकलेच्या किंवा विशेष शिक्षणाच्या खोल्या मोजून आलेल्या असतात. पहिलीपासून सुरुवात केली तर वर्षाला एक खोली लागते. हळू असेल, पण पेलवतं. शिवाय तिसरीतल्या मुलाची शाळा मध्येच का तोडायची?

चौथी घंटा:
दोघांनीही रस्ता धरलेला नाही. हवाई अंतर एक किलोमीटर, पण मध्ये सहापदरी रस्ता असला तर लहान मूल चालत जात नाही. मग बस, आणि तो खर्च दरवर्षीचा. अंतर चालण्याच्या वाटेने मोजा. आणि रेषा गल्लीच्या मधून नेऊ नका, समोरासमोरच्या घरांतली मुलं दोन शाळांत जातात. ती घरांच्या मागच्या बाजूने न्या, नाहीतर नदी, रेल्वे किंवा मोठ्या रस्त्यावरून.

सरळरेषा:
रस्ता धरून आखलेली हद्दही भेदभाव पक्का करू शकते, कारण श्रीमंत आणि गरीब वस्त्यांमध्ये बऱ्याचदा तोच रस्ता असतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जानेवारी २०१६ मध्ये डंबो या वस्तीचा भाग गर्दीच्या, बहुतांश गोऱ्या मुलांच्या पीएस ८ या सरकारी शाळेतून काढून शेजारच्या पीएस ३०७ ला जोडायला मंजुरी मिळाली. पीएस ३०७ मध्ये बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. विरोध दोन्हीकडून झाला, आणि पीएस ३०७ च्या पालकांची भीती रास्त होती: पैसेवाली कुटुंबं भरली की आपल्याच वस्तीच्या मुलांना जागा उरणार नाही. अशा ठिकाणी गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्याशिवाय हद्द हलवूच नये.

पटसंख्या:
@काळा फळा, खोल्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पण सहा वर्षं ६०० च्या इमारतीत जादा मुलं कोंबायची, हेही मला मान्य नाही. दुसरी-तिसरीच्या मुलांना हलवायचं का, हे समोरच्या शाळेतल्या खोल्या प्रत्यक्ष मोजून ठरवा. चारऐवजी दोनच खोल्या निघाल्या तर त्या वर्षी फक्त पहिली-दुसरी हलवा.

काळा फळा:
दुसरीसुद्धा नको. पहिलीच हलवा.