मदत हवी आहे : 'डँडी'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. ऑस्कर वाइल्डच्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'चा (१८९५) पहिला अंक हौशी ग्रुपसाठी मराठीत करतेय आणि अल्जरनन या डँडीपाशी, म्हणजे झकपक पोशाख, ऐट आणि चटपटीत बोलणं यातच रमणाऱ्या पात्रापाशी, गाडी अडलीय. 'छेलबटाऊ' म्हटलं की तमाशातला वाटतो, 'नखरेल' म्हटलं की भलतंच, 'छानछोकी'त नुसती उधळपट्टी येते. हा गडी मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचेस स्वतःच फस्त करतो आणि वर रिकामी थाळी बघून हादरल्याचा आव आणतो. नोकरही तितकाच पोचलेला, म्हणतो बाजारात काकड्याच नव्हत्या, रोख पैसे देऊनही! दोघांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. आमचा नट मात्र तिथे हमखास खुदकन हसतो.

दुसरी शंका. गिल्बर्ट-सलिव्हनच्या 'पेशन्स' या विनोदी संगीतिकेत (१८८१) बन्थॉर्न हा कवी हातात लिली घेऊन मिरवायच्या गोष्टी करतो आणि एकटा असताना कबूल करतो की हे सगळं सोंग आहे. तिथे सौंदर्यवाद्यांची, म्हणजे कला आणि सौंदर्य हेच सर्वस्व मानणाऱ्यांची, सरळ टिंगल आहे. वाइल्डकडे टिंगल होते ती गंभीर लोकांची, आणि डँडी जिंकतो. मला तरी असंच वाटतं. की बन्थॉर्न आणि अल्जरनन दोघांना एकाच माळेत ओवायचं?

एखादा चपखल शब्द सुचतोय का? आणि नटाला हसू आवरायला कसं शिकवायचं, हेही कुणी सांगा. कोट-टायची सोय झालीय, कोटाला लावायचं फूल तेवढं बाकी आहे.