श्वासाची ट्यूब श्वासनलिकेतच आहे हे अँब्युलन्समध्ये पक्कं कसं करायचं? (मदत हवी आहे, लवकर)

निशाचर
सकाळी टीमसमोर बोलायचंय, म्हणून थेट विचारतो. ट्यूब टाकली, नळीत वाफ दिसली, दोन्ही बाजूंना हवा ऐकू आली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारा डिटेक्टर मात्र जांभळाच. सहकारी म्हणतो डिटेक्टर बिघडलाय. अशा वेळी ट्यूब काढायची की ठेवायची? एका ओळीत सांगा.

रानपाखरू
एका ओळीत कसं सांगणार? पेशंटचं हृदय चालू होतं का? डिटेक्टर रंग बदलणारा की मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट दाखवणारा? किती श्वास दिल्यावर पाहिलंत?

निशाचर
हृदय बंद, सीपीआर चालू. डिटेक्टर रंगवाला, कार्बन डायऑक्साइड मिळाला की जांभळ्याचा पिवळा होणारा. लाटवाल्या मॉनिटरला जोडायची लाइन दुसऱ्या गाडीत होती. श्वास कोण मोजतं!

भूलवाली
हेच आधी लिहायला हवं होतं, सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. वाफ विसरा, ट्यूब अन्ननलिकेत असतानाही ती दिसते. गाडीच्या गोंगाटात स्टेथोस्कोपही फसवतो, पोटातला आवाज छातीवर ऐकू येतो.
रंगवाला किमान सहा श्वासांनंतर वाचायचा, कारण मास्कने दिलेली हवा पोटात गेली असेल तर सुरुवातीला खोटा पिवळा येतो. हृदय बंद असेल तर उलटी अडचण. फुप्फुसांपर्यंत रक्त कमी पोचतं, कार्बन डायऑक्साइड कमी येतो आणि ट्यूब बरोबर असूनही रंग जांभळा राहू शकतो. म्हणून लाट हवी. सीपीआर नीट चालू असेल तर ठेंगणी का होईना, लाट येते. सपाट रेघ आली तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असंच धरायचं.

हवाबंद
ऑक्सिजन ९८ दिसत असेल तर एवढी घाई कशाला?

रानपाखरू
अहो, हृदय बंद असताना ऑक्सिमीटर काय वाचणार? आणि आधी भरपूर ऑक्सिजन दिला असेल तर आकडा पडायला काही मिनिटं लागतात. तोवर उशीर झालेला असतो.

जुना_गडी
रबरी बल्ब वापरा. दाबून ट्यूबला लावायचा. लगेच फुगला तर श्वासनलिका, चिकटून बसला तर अन्ननलिका. हृदय बंद असलं तरी चालतो.

भूलवाली
लठ्ठ पेशंट, गर्भारपणाचे शेवटचे महिने आणि तान्ही बाळं यांत बल्बही चुकतो. दुसरं काहीच नसेल तर ठीक.

सायली_ड
पुरुषांना दातांपाशी २३ सेंमी, बायकांना २१. एवढं पाळलं की झालं.

रानपाखरू
ती खोली ट्यूब उजव्या फुप्फुसात उतरू नये म्हणून. अन्ननलिकेतही ट्यूब २३ वर बसते!

जुना_गडी
मुळात ट्यूब हवीच कशाला? आय-जेल टाका, ते श्वासनलिकेत न जाता घशात स्वरयंत्रावर बसतं. इंग्लंडच्या २०१८ च्या एअरवेज-२ चाचणीत हृदय बंद पडलेल्या पेशंटांमध्ये दोन्हींच्या निकालांत ठळक फरक नव्हता.

रानपाखरू
वेगळा धागा काढा. आय-जेललाही लाट लावावीच लागते.

निशाचर
मूळ प्रश्न राहिला. काढू की ठेवू?

रानपाखरू
आधी लॅरिंगोस्कोपने (घशात पाहायच्या उपकरणाने) पुन्हा पाहा. ट्यूब स्वरतंतूंमधून गेलेली स्वच्छ दिसली तर ठेवा.

भूलवाली
इथे माझं मत वेगळं आहे. 'मी जाताना पाहिली' असं म्हणूनच माणसं दगावली आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार किमान सात श्वास टिकणारी लाट हवी, शिखर तळापेक्षा ७.५ मिमी पारा (दाबाचं माप) तरी वर. ती नसेल तर ट्यूब काढणं हाच मुख्य मार्ग. पुन्हा पाहायचं तर क्षणभर, सीपीआर न थांबवता. शंका उरली की काढा आणि बॅग-मास्कने (हाताने दाबायची पिशवी आणि मास्क) श्वास द्या. आणि स्ट्रेचर हलवलं, मान वळली की दर वेळी पुन्हा तपासा, तेवढ्यानेही ट्यूब सरकते.

निशाचर
म्हणजे काढायची. लाइन प्रत्येक गाडीत मागतो. आज रात्री रंगवालाच आहे, ओला झाला तर?

भूलवाली
लगेच बदला. उलटी, रक्त किंवा ट्यूबमधून दिलेलं औषध लागलं की रंग भरवशाचा नाही. पोटातल्या आम्लाने तो पिवळा होऊन तसाच राहतो. श्वासागणिक जांभळा-पिवळा होतोय का ते पाहा.