संख्यात्मक शिक्षणधोरण संशोधन : पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये कोणते विषय घ्यावेत?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, राजापूर

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते आणि यंदा अर्धवेळ पीएच.डी.ला प्रवेश घेतला आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या वाडीवरच्या शाळांतील मुलांची गणितातील संपादणूक हा माझा विषय आहे. आमच्या कोर्सवर्कमधील (प्रबंधाआधीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमातील) संशोधनपद्धतीच्या प्रश्नपत्रिकेत संख्याशास्त्र टी-चाचणी (दोन सरासरींची तुलना) आणि काय-वर्ग चाचणी (गटवार मोजणीची तुलना) यांपाशी थांबते. एवढ्या तयारीवर धोरणाविषयी ठामपणे काही म्हणता येईल का?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, रत्नागिरी

ताई, येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) असतो, त्यातच संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा विषय येतो आणि पुढे जाण्यासाठी ५५ टक्के गुण लागतात. परंतु १२ ही खालची मर्यादा आहे. संशोधन सल्लागार समिती मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमही सुचवू शकते, तेव्हा रिग्रेशन (एका गोष्टीवर इतर अनेक गोष्टींचा किती प्रभाव दिसतो, हे काढण्याची पद्धत) आणि बहुस्तरीय प्रारूपे हे दोन विषय समितीकडून आग्रहाने मागून घ्यावेत.

दुसरा विषय आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे. तिसरीत चारच मुले असतील, तर एका मुलाच्या यशापयशाने उत्तीर्णांचे प्रमाण २५ टक्क्यांनी हलते. त्यामुळे शाळांची क्रमवारी लावली की यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली, दोन्हीकडे लहान शाळाच अधिक दिसतात, आणि शिक्षकाच्या कामाचा त्याच्याशी संबंध असेलच असे नाही. बहुस्तरीय प्रारूप मूल आणि शाळा हे दोन स्तर वेगळे मोजते व छोट्या शाळेची सरासरी एकंदर सरासरीकडे किती ओढून धरावी, हे सांगते. हे न शिकता केलेल्या तुलनेने एखाद्या गुरुजींवर अन्याय होईल, याची मला खरी काळजी वाटते.

उत्तर २ : अर्थशास्त्राची संशोधक, कुडाळ

सरांशी सहमत आहे, मात्र कार्यकारणभावाचा विषय मी त्याच्याही आधी ठेवीन. कोकणात पट घटण्यामागे मुंबईकडे झालेले स्थलांतरही आहे. जी कुटुंबे मुलांसह गेली आणि जी वाडीतच राहिली, त्यांची परिस्थिती सारखी नसते. मग लहान व मोठ्या शाळांच्या गुणांतला फरक शाळेच्या आकाराचा म्हणावा की कुटुंबांचा? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन आणि ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक आहेत, म्हणून साठीच्या अलीकडच्या-पलीकडच्या शाळांची तुलना करून शिक्षकसंख्येचा परिणाम काढता येतो. पण आपल्या शाळा त्या उंबरठ्याच्या जवळपासही नाहीत. पद्धत शिकताना ती आपल्या प्रश्नाला कुठे लागू होत नाही, हेही शिकावे लागते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची (देशभरातील निवडक शाळांतील मुलांच्या चाचणीची) २०२१ ची आकडेवारी वापरून चालेल का?

उत्तर ३ : उत्तर १ मधील प्राध्यापक

जिल्ह्याची पार्श्वभूमी सांगण्यापुरती चालेल. त्या सर्वेक्षणाचा नमुना जिल्हा पातळीवरच्या अंदाजासाठी आखलेला होता, त्यावरून एकेका वाडीच्या शाळेविषयी काहीही म्हणता येणार नाही. चाचणी आपल्यालाच तयार करावी लागेल, म्हणून शैक्षणिक मापनाचा विषयही समितीपुढे ठेवावा आणि चाचणी आधी नमुन्याबाहेरच्या दोन-तीन शाळांत घेऊन पाहावी.