लार्नाकाच्या चर्चमागे इंग्रज व्यापाऱ्यांच्या कबरी. तेव्हा तर तुर्कांचं राज्य होतं ना?

लिमासोलवासी

नमस्कार मंडळी. मी चार वर्षांपासून सायप्रसमध्ये, लिमासोलला एका जहाज-व्यवस्थापन कंपनीत आहे. काम क्रूचं: कोण कुठल्या बंदरात चढणार, कोण उतरणार, कोणाचा व्हिसा अडकलाय. सध्या आईबाबा आलेत. शनिवारी त्यांना लार्नाका दाखवायला नेलं. खारं सरोवर पाहिलं (फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात म्हणे, आम्हाला नुसता चिखल दिसला) आणि मग सेंट लाझारसचं चर्च.

चर्चला लागूनच एक छोटं अंगण आहे. तिथे संगमरवरी कबरींचे दगड आहेत, वर ढालीबिलींचं कोरीव काम. मजकूर झिजलाय, पण लंडन आणि मर्चंट हे शब्द लागले. एका दगडावर १६९३ साल. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. ते उन्हात उभे राहून म्हणाले, "अरे, राजाराम महाराज जिंजीत वेढ्यात होते तेव्हाचं हे!"

आता माझी गोची. इंग्रजांनी सायप्रस घेतलं १८७८ मध्ये, हे इथे सगळे सांगतात. त्याआधी तीनशे वर्षं तुर्कांचं राज्य. मग १६९३ मध्ये लंडनचा व्यापारी इथे काय करत होता? आणि मेल्यावर ग्रीकांच्या चर्चच्या आवारात कसा? बाबांना उत्तर हवंय, आणि मला त्यांच्यासमोर गूगल करत बसायचं नाहीये.

सदाशिवपेठी

सोप्पं आहे. ईस्ट इंडिया कंपनी. जिथे पैसा तिथे ते. पुढचा प्रश्न.

जुना धक्का

ईस्ट इंडिया नव्हे हो, तिची थोरली बहीण. लेव्हंट कंपनी. लेव्हंट म्हणजे भूमध्य समुद्राचा पूर्वेकडचा मुलूख. तुर्की व्यापाराची पहिली सनद १५८१ ची, लेव्हंट कंपनी हे रूप आलं १५९२ मध्ये, आणि गाशा गुंडाळला १८२५ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनी १६०० ची. तिच्यात पहिल्यांदा पैसे घालणाऱ्यांत लेव्हंटवालेच पुष्कळ, पहिला गव्हर्नर टॉमस स्मिथसुद्धा त्याच गोतावळ्यातला.

मी इतिहासकार वगैरे नाही. चौतीस वर्षं मुंबई बंदरात क्लिअरिंग एजंटाचं काम केलं, आता डोंबिवलीत नातवंडं सांभाळतो. पण जकातीचा कागद दिसला की तो चारशे वर्षांपूर्वीचा असला तरी वाचल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा बाबांना माझा नमस्कार सांगा आणि जरा सैल बसायला सांगा, उत्तर लांबणार आहे.

आधी, लार्नाकाच का? १५७१ मध्ये तुर्कांनी व्हेनिसवाल्यांकडून फामागुस्ता घेतलं. बेटावरचं उत्तम बंदर ते. पण त्यानंतर तटाच्या आत ख्रिस्ती माणसाला राहायची बंदी झाली. बंदर आहे, गोदामं आहेत, पण व्यापाऱ्याने रात्री झोपायचं कुठे? म्हणून परदेशी व्यापारी लार्नाकाला सरकले. तिथे बंदर म्हणावं असं काही नाहीच. उघडा समुद्र, जहाज लांब नांगरायचं आणि माल पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्याला आणायचा. आमच्या वेळी मुंबईत बर्थ मिळाला नाही की प्रवाहातच जहाजाला पडाव लावून माल उतरवायचे, तसंच. किनाऱ्यावरच्या वस्तीला स्काला म्हणत. तुमचं चर्च तिथेच आहे. कौन्सुलांची, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींची, घरं जरा आत, मुख्य लार्नाकात. भोवती मिठागरं आणि दलदल, त्यामुळे हिवतापाने माणसं पटापट जायची. कबरी इतक्या का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

आता तुर्कांच्या राज्यात हे राहिले कसे? तर सुलतानाच्या लेखी अभयावर. त्याला अहदनामा म्हणत. आपल्याकडे पेठ वसवायची असली की सरकार व्यापाऱ्यांना कौल द्यायचं, कौलनामा, तसाच हा प्रकार समजा. फ्रेंचांना १५६९ मध्ये मिळाला, इंग्रजांना १५८०, डचांना १६१२. पुढे लोक म्हणायला लागले की तुर्कांवर लादलेले हे तह. पण त्या काळी सुलतान जोरात होता. त्याला जकात हवी होती, कथील आणि लोकर हवी होती, आणि व्हेनिसच्या हातातली मक्तेदारी मोडायची होती. लादलं कोणीच नाही, बोलावून घेतलं.

त्यातली कलमं मोठी मजेदार आहेत. दोन इंग्रजांचं आपसात भांडण झालं तर निवाडा त्यांचा कौन्सुल करणार. तुर्की प्रजाजनाशी भांडण झालं तर काझीकडे जायचं, पण दुभाषी हजर असल्याशिवाय काझीने सुनावणी करायची नाही. आणि बाबांच्या प्रश्नाशी जोडलेलं कलम असं: परदेशी व्यापारी मेला तर त्याची मालमत्ता सरकारजमा करायची नाही, कौन्सुलाच्या ताब्यात द्यायची. म्हणजे तुमच्या १६९३ वाल्याने प्राण सोडल्याबरोबर कौन्सुलाचा कारकून त्याच्या घरी कापसाच्या गासड्या मोजायला हजर झाला असणार. पुरायचं कुठे हा प्रश्न त्यानंतरचा. कॅथलिकांचं स्वतःचं चर्च लार्नाकात होतं, प्रॉटेस्टंट इंग्रजांचं काही नव्हतं. ग्रीकांनी आपल्या अंगणात जागा दिली.

कौन्सुल म्हणजे आजच्यासारखा सरकारी अधिकारी समजू नका. इंग्रजांचा कौन्सुल कंपनीचा माणूस आणि बहुतेक वेळा स्वतःच व्यापारी. सुरुवातीला तर सायप्रसचं काम हलबच्या, म्हणजे अलेप्पोच्या, इंग्रज कौन्सुलाच्या पदराखाली चालायचं. फ्रेंचांचं जास्त शिस्तीत. त्यांच्या कौन्सुलांचा पगार सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मार्सेयच्या व्यापारी मंडळाकडून यायचा. इंग्रजांकडे झेंड्याखाली येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर टक्क्याने फी. त्याला कौन्सुलेज म्हणत. जकात वेगळी, ही वेगळी.

हे कौन्सुलेज मला पुस्तक न उघडता समजतं. १९८७ ची गोष्ट. एका आखाती देशाला चिनी मातीच्या कपबश्यांच्या चाळीस पेट्या जायच्या होत्या. नुसतं इन्व्हॉइस चालत नसे. आधी व्यापाऱ्यांच्या चेंबरचा शिक्का, मग त्या देशाच्या मुंबईतल्या कौन्सुलेटचा, जांभळ्या शाईतला. फी रोख. मी सकाळी साडेआठला रांगेत. दहाला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, आज त्यांच्याकडे सुट्टी. बोट संध्याकाळची. पेट्या शेडमध्ये अकरा दिवस पडून राहिल्या आणि डेमरेज, म्हणजे पडून राहिल्याचं भाडं, पार्टीने माझ्या बिलातून कापलं. माल तोच, कपबश्या त्याच, फक्त एक गोल जांभळा डाग नव्हता.

लार्नाकातही धंदा त्या डागाचाच होता. उलट तिथे तो विकत मिळायचा. अहदनाम्यामुळे इंग्रजांची जकात सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाचावरून तीन टक्क्यांवर आली होती. सुलतानाच्या स्वतःच्या ख्रिस्ती प्रजेला मात्र यापेक्षा जास्त भरावी लागे, वर डोईपट्टी वेगळी. प्रत्येक कौन्सुलाला दुभाषे नेमायचा हक्क, आणि त्या दुभाष्याला सुलतानाकडून बेरात, म्हणजे सनद. बेरात आली की तो जवळजवळ परदेशी झाला. मग झालं काय, बेरात असलेले असे "दुभाषे" निघाले ज्यांना त्या कौन्सुलाची भाषाच येत नव्हती! ग्रीक, अर्मेनियन व्यापारी पैसे मोजून कागद घ्यायचे. दरबारात तक्रारी गेल्या, चौकश्या झाल्या, पण कागद काही थांबले नाहीत.

आणि बेटाचा कारभार कसा? कारभाऱ्याला मुहस्सिल म्हणत. आपला "महसूल" त्याच घरातला. मुहस्सिल इस्तंबूलला पैसे ओतून पद घ्यायचा आणि वर्ष-दोन वर्षांत ते बेटावरून वसूल करायचा. करवसुलीच्या ठेक्याला ते मुकाता म्हणत, आपला "मक्ता" त्याचाच भाऊबंद. १७६४ मध्ये चिल उस्मान आगा नावाच्या मुहस्सिलाने पट्टी इतकी वाढवली की निकोसियात लोकांनी वाड्यात घुसून त्याला ठार केलं. अशा राज्यात ज्याच्या घरावर परका झेंडा आहे त्याच्या दारी माणसं का जमायची, ते वेगळं सांगायला नको. १८२१ मध्ये ग्रीक उठावाच्या धास्तीने तुर्की सुभेदाराने ९ जुलैला आर्चबिशप किप्रियानोस यांना फाशी दिलं. तेव्हाही जीव वाचवायला लोक लार्नाकाच्या कौन्सुलांकडेच धावले.

माल काय जायचा? कापूस, रेशीम, लोकर, मीठ, मंजिष्ठासारखी तांबड्या रंगाची मुळं, कॅरोबच्या शेंगा, आणि कमांडारिया नावाची गोड वाइन, जी तुम्ही अजून आईबाबांना पाजली नसेल तर आजच पाजा. यायचं इंग्लंडचं लोकरी कापड. टोळधाड आली की सगळं बोंबललं.

शेवटी एक आपल्या घरची गोष्ट, बाबांसाठी खास. १५८३ मध्ये, वर सांगितलेल्या १५८१ च्या सनदेवाल्या इंग्रज कंपनीच्या पैशावर, राल्फ फिच नावाचा व्यापारी टायगर जहाजाने सीरियाला उतरला. हलब, बसरा करत होर्मुझला पोचला. पोर्तुगीजांनी हेर म्हणून पकडून गोव्याला तुरुंगात टाकलं. तिथून जामिनावर सुटायला ज्यांनी मदत केली त्यात एक इंग्रज जेझुइट पाद्री होता. त्याचं नाव टॉमस स्टीफन्स. होय, तेच फादर स्टीफन्स, ज्यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. फिच १५८४ मध्ये गोव्यातून पळाला, १५९१ मध्ये लंडनला पोचला आणि नंतर हलबला इंग्रजांचा कौन्सुल झाला. त्याच हलबला, ज्याच्या पदराखाली तुमचं लार्नाका होतं.

सदाशिवपेठी

काका, माघार. बहीण थोरली निघाली.

जर्सीकर मावशी

आमच्याकडचं थोडं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सायप्रसच्या मूर्तींनी भरलेली दालनं आहेत. दगडी दाढीवाले पुरुष, हातात पक्षी घेतलेल्या बायका. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, एवढ्याशा बेटाचं इतकं सामान इथे कसं? तर तेही एका कौन्सुलाचंच काम. लुइजी पाल्मा दि चेस्नोला. जन्माने इटालियन, अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला आणि १८६५ मध्ये अमेरिकेचा कौन्सुल म्हणून लार्नाकाला गेला. व्यापार फारसा नव्हताच, मग हा कबरी उकरत बसला. हजारोंनी वस्तू काढल्या.

त्याचा एक किस्सा त्याने स्वतःच फुशारकीने लिहून ठेवलाय. तुर्कांनी हुकूम काढला की अमेरिकेच्या कौन्सुलाने वस्तू बाहेर न्यायच्या नाहीत. हा पठ्ठ्या तेव्हा रशियाचाही कौन्सुल होता. त्याच्या दुभाष्याने सुचवलं की हुकमात रशियाच्या कौन्सुलाबद्दल कुठे काय म्हटलंय? पेट्या गेल्या! पुढे १८७९ मध्ये म्युझियमचा पहिला डायरेक्टर तोच झाला. जुना धक्का काकांचा जांभळा डाग इथे दोन रंगांत होता म्हणायचा.

लिमासोलवासी

काय लिहिलंय सगळ्यांनी! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ख्रिस्तपुराणापाशी ते उठून येरझाऱ्या घालायला लागले, आणि आता आईला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतायत.

एक उपप्रश्न. निकोसियात आम्ही एका दुभाष्याचं घर पाहिलं, हाजीयोर्गाकिस नाव. दगडी वाडा, आत रंगवलेलं लाकडी छत, हमाम. दुभाष्याला एवढा पैसा कुठून?

जुना धक्का

तो दुभाषी वेगळा. कौन्सुलाचा नव्हे, सरकारचा. सायप्रसचा ड्रॅगोमन म्हणजे मुहस्सिल आणि ग्रीक प्रजा यांच्यामधला माणूस. कर कोणावर किती, याच्या याद्या त्याच्या हातून जायच्या. हाजीयोर्गाकिस कोर्नेसिओस १७७९ पासून त्या जागेवर होता, आणि १८०९ मध्ये इस्तंबूलला त्याचं डोकं उडवलं. वाडा तेवढा राहिला. ड्रॅगोमन हा शब्द अरबी "तर्जुमान"वरून आलाय. आपण जुन्या कागदांत "तर्जुमा" वाचतो तोच.

पुन्हा चर्चमध्ये गेलात तर तो १६९३ वाला दगड दुपारी पाहू नका. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. पेट्यांवरचे पुसलेले मार्के आम्ही तसेच वाचायचो, बॅटरी आडवी धरून.

लिमासोलवासी

काल संध्याकाळी गेलो. बॅटरी आडवी धरली. लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा आहे, इतकं लागलं. पुढचं वाचेपर्यंत राखणदार किल्ल्या वाजवत आला, बाबांनी त्याला मराठीतच धन्यवाद दिले.

आईबाबा चोवीस तारखेला परततायत. कमांडारियाची एक बाटली तुमच्यासाठी बॅगेत घालतोय, डोंबिवलीला बाबा स्वतः आणून देतील. विमानतळावर कस्टमने विचारलं तर काय सांगायचं तेवढं कळवा.

जुना धक्का

दोन लिटरपर्यंत काही सांगायचं नाही. हिरव्या वाटेने सरळ बाहेर. कौन्सुलेज मी चहात देईन.