मदत हवी आहे: नवऱ्याचा नादारीचा अर्ज आणि दारातली गाडी (सोलापूर)

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नवऱ्याचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये टॉवेलचा कारखाना होता, बारा माग. सूत महागलं, माल उधारीवर गेला, एका मोठ्या गिऱ्हाइकाने आठ महिने पैसे अडकवले आणि मग फोन उचलणंच सोडलं. दिवाळीनंतर बँकेला सांगून माग विकले, भंगाराच्याच भावात. त्यातून कामगारांचे पगार चुकते केले. आता बँकेचं कॅश क्रेडिट १४ लाख, सूतवाल्यांचे ९, एका पतसंस्थेचे ३, आणि हातउसने किती ते तो अजून एका दमात सांगत नाही. रात्री वही घेऊन बसतो आणि दर वेळी बेरीज वेगळी येते.

वकिलांनी नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणं शक्य नाही असं कोर्टाला सांगायचा, अर्ज सुचवलाय. ते ऐकून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "लोक दिवाळं काढलं म्हणतील," एवढंच बोलतात.

मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. पगार ६१ हजार, घर सध्या त्यावरच चालतं. माझा पगार ज्या बँकेत होतो तिथेच नवऱ्याचं कॅश क्रेडिट आहे आणि ते बचत खातं आम्हा दोघांच्या नावावर आहे. मुलगी अकरावीला.

खरा घोर गाडीचा. २०२१ साली घेतली. आरसी नवऱ्याच्या नावावर, कर्जात मी सहकर्जदार, हप्ता पहिल्यापासून माझ्या पगारातून. अजून २ लाख १० हजार बाकी आहेत, बाजारात पावणेचार लाखांच्या आसपास येतील म्हणतात. शाळा मोहोळच्या पुढे, शिवाय सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मोठे दीर म्हणतात, "अर्ज करायच्या आत गाडी तुझ्या नावावर करून घे." नणंदेचे यजमान म्हणतात, "हप्ताच बंद कर, जाणारच आहे ती." दोघांचं ऐकून डोकं फिरायची वेळ आलीय. हप्ते मी भरले, मग गाडी माझी धरतात का? आणि माझ्या पगाराला कोणी हात लावू शकतं का?

मागवाला
ताई, मी पण अक्कलकोट रोडचाच. आमचे आठ माग गेले. कायदा इथले जाणकार सांगतील, मी एकच सांगतो. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर आले तर वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना तशी मनाई केलीय. आणि दादांना रात्री वही देऊ नका. सकाळी चहा झाल्यावर दोघं मिळून बेरीज करा, बरोबर येते. अनुभव आहे.

जुना_शिरस्तेदार
दिवाणी कोर्टात नोकरी गेली, म्हणून लिहितो. वकील मात्र नाही.

आधी कायदा कुठला ते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झालाय. तुमच्या यजमानांचा एकट्याचा धंदा, म्हणजे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि अर्ज जिल्हा न्यायालयात. कायदा किती जुना ते बघा: देणं ५०० रुपयांचं असलं तरी अर्ज करता येतो, आणि नादार ठरलेल्याने तसं न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा. हल्ली ५० रुपयांत शेंगाचटणीची पुडी तरी येते का!

नादार ठरले की यजमानांची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे ती सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, जाते. त्यांची, तुमची नाही. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन, तुमच्या नावच्या ठेवी त्यात येत नाहीत. नवऱ्याचं कर्ज लग्न झालं म्हणून बायकोवर येत नसतं. ते येतं सहीमुळे. यजमानांच्याही सगळ्यावर टाच येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कपडे, भांडीकुंडी, आयुर्विमा पॉलिसीची रक्कम, पीपीएफ अशी सूट आहे.

आता गाडी. हप्ते तुम्ही भरले हे चांगलं, पण आरसीवर नाव यजमानांचं, तेव्हा कागदावर गाडी त्यांची आणि आधी बँकेची. तारण असलेली बँक नादारीच्या बाहेर राहूनही आपली वसुली करू शकते. रिसीव्हरला रस असतो तो बँकेचे फेडून उरणाऱ्या रकमेत, तुमच्या आकड्यांवरून १ लाख ६५ हजार. तुमच्या हप्त्यांचे उतारे काढून ठेवा, त्या रकमेबद्दल वकिलांना बाजू मांडता येईल.

हप्ता बंद करायचा सल्ला सगळ्यात वाईट. थकला की बँक गाडी उचलेल, पडत्या भावाने विकेल आणि कमी पडलेली रक्कम सहकर्जदार म्हणून तुमच्याकडे मागेल. यजमान पुढे नादारीतून मुक्त झाले तरी सहकर्जदार आणि जामीनदार सुटत नाहीत, कायद्यात तसं स्पष्ट आहे. सिबिलवर डाग पडेल तो वेगळाच.

दिरांचा सल्लाही ऐकू नका. एक तर बँकेच्या ना-हरकतीशिवाय आरटीओत नाव बदलणार नाही. आणि नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत खरा मोबदला न घेता केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. बायकोच्या नावावर फुकट केलेली गाडी म्हणजे पहिला संशय तिथेच.

सरळ वाट अशी की हप्ता चालू ठेवा, गाडी अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत लिहा आणि वरची रक्कम तुम्ही स्वतःच्या पैशातून भरून गाडी ठेवायला तयार आहात असं रिसीव्हरसमोर मांडा. बाहेर विकायला गेलं तर त्याला फारसं जास्त मिळणार नाही, त्यामुळे ऐकतात बऱ्याचदा. नाहीतर गाडी रीतसर विकून तुमच्या एकटीच्या नावावर जुनी घ्या.

खातं मात्र उद्याच्या उद्या वेगळं करा. पगार दुसऱ्या बँकेत, एकटीच्या नावावर. एकत्र खात्यात कोणाचा रुपया कोणाचा हे सिद्ध करत बसावं लागतं.

एक विचारतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार कोण? आणि घर कोणाच्या नावावर?

प्रवासी१३
गाडी गावाकडे मेव्हण्याच्या वाड्यात लावून टाका. कोण बघतंय.

जुना_शिरस्तेदार
कोर्ट बघतं. मालमत्ता लपवणं या कायद्यात गुन्हा आहे. असले सल्ले तोंडी सुद्धा देऊ नयेत.

धागाकर्ती
काका, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. पतसंस्थेची जामीनदार मीच. आणि घर सासऱ्यांचं होतं, ते मृत्युपत्र न करता गेले. १४ महिन्यांपूर्वी नवऱ्याने सासूबाईंच्या नावे हक्कसोडपत्र केलं. तेव्हा मनात असं काही नव्हतं हो, तिन्ही भावंडांनी एकाच दिवशी केलं होतं.

जुना_शिरस्तेदार
तिघांनी एकाच दिवशी केलं हे तुमच्या बाजूचं आहे. पण १४ महिने म्हणजे दोन वर्षांच्या आतच. हे वकिलांना आजच सांगा, उलटतपासणीत निघायला नको.

पतसंस्थेचे ३ लाख ती तुमच्याकडून मागू शकते. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन दारात येतील. त्याआधी स्वतः जाऊन हप्ते बांधून मागा. पगाराची कल्पना यावी म्हणून सांगतो, दिवाणी हुकूमनाम्यात पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ६१ हजारांवर जास्तीत जास्त २० हजारांना हात लागतो.

यजमानांच्या वकिलांशिवाय स्वतःसाठी वेगळा सल्ला घ्या. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

धागाकर्ती
आज प्राधिकरणात जाऊन आले. पगाराचं खातं बदलायचा अर्जही शाळेत दिला. दिरांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर म्हणाले कोर्टातली माणसं घाबरवणारच.

शेवटचं विचारते. हातउसन्यांत माझ्या सख्ख्या भावाचे ८० हजार आहेत. अर्ज करायच्या आधी नवऱ्याकडून तेवढे गुपचूप देऊन टाकले तर?

जुना_शिरस्तेदार
नको. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला मुद्दाम झुकतं माप दिलं तर ते रद्द होतं आणि भावाला पैसे परत करावे लागतील. तुमच्या पगारातून तुम्ही दिलेत तर तो तुमचा प्रश्न. पण भावाचं नाव यादीत लिहा, आणि कोर्टाचा लिफाफा त्याच्या दारात पडायच्या आत तुम्ही त्याच्याकडे जाऊन या.

धागाकर्ती
रविवारी जाते. गाडीनेच.